कळसूत्री बाहुल्यांचे दोरे बांधणारं कुणी माहितीत आहे का?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या माळ्यावर कळसूत्री बाहुल्यांची जुनी पेटी निघालीय. रावणाचा हात खांद्यातून निखळलाय आणि दोरे हात लावला की तुटतात. नुसती गाठ मारून भागत नाही. डोक्याचा दोरा जरा ढिला पडला की बाहुली मान टाकते.

आंबोली घाट उतरून गेलं की कुडाळजवळ पिंगुळी. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतात, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्रीही मिळाली. तिकडे कुणाची ओळख आहे का? कलाकार इथं येऊन मुलांसमोर दोरे बांधतील का? मानधन किती द्यावं? शेजारच्या कन्नड शाळेचे सर गोंबेयाटवाल्यांकडे, म्हणजे कर्नाटकातल्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांकडे, विचारतायत, तेही चालेल.

ऑइलपेंट मारायचा सल्ला मात्र देऊ नका, प्लीज!