मॅटलॅब (आकडेमोड-ग्राफचं सॉफ्टवेअर) २०२५ए टाकलं, डार्क थीममध्ये धोक्याची रेषाच गायब!! परत जुन्यावर जाऊ का?

कृष्णाकाठ_सिव्हिल:
नमस्कार मंडळी, सांगलीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट पुरावर आहे, कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी असा ग्राफ, त्यावर ४० फुटाची इशारा पातळी आणि ४५ फुटाची धोका पातळी अशा दोन आडव्या रेषा. लॅबमधल्या जुन्या व्हर्जनवर सगळं व्यवस्थित चालतंय. लॅपटॉपवर २०२५ए टाकलं तर काही ओळखूच येईना, फिगर आधी सुट्ट्या उघडायच्या त्या आता एकाच विंडोत टॅब होऊन बसायल्यात, करंट फोल्डर गेलं त्याजागी फाईल्स म्हणून काहीतरी आलंय आणि डार्क थीम लावली की ४५ ची रेषाच दिसत नाही, ४० ची मात्र झक्कास दिसतीय. कोड तोच, डेटा तोच. बग आहे का हा? शिवाय सीनियर लोकांनी गाईडमध्ये (मॅटलॅबचं बटणं-खिडक्या बनवायचं जुनं टूल) केलेला एक इंटरफेस आहे, तो चालतोय पण एडिटला उघडत नाही.

मिरज_जंक्शन:
बग नाही भावा. ४५ च्या रेषेला कोडमध्ये रंग काळा दिलाय का बघ. ज्याला रंग दिलेला नसतो त्याचा रंग थीमबरोबर आपोआप बदलतो, पण तू स्वतः काळा म्हणून लिहिलंस तर मॅटलॅब त्याला हात लावत नाही, मग काळ्यावर काळं काय दिसणार. लाल कर, तसंही धोक्याची रेषा काळी कोण काढतं 😄 आणि रिपोर्टमध्ये टाकायच्या आधी थीम कमांडनं त्या फिगरपुरती लाईट करून घे, सगळा डेस्कटॉप बदलायची गरज नाही.
सुट्ट्या विंडो पायजे असतील तर फिगरची विंडोस्टाईल नॉर्मल ठेव, ग्रूटवर (सगळ्या फिगरचं मूळ) डीफॉल्टच सेट केलंस की प्रत्येक वेळी लिहायला नको.

कुपवाड_शिफ्ट:
गाईडचं विसर. २०२५ए मध्ये ते काढूनच टाकलंय, जुनी ॲप चालतात पण बदल करायचे तर मायग्रेशन टूलनं ॲप डिझायनरमध्ये (त्याजागी आलेलं नवं टूल) न्यावं लागतं. कारण एकच, जावावर बांधलेला जुना डेस्कटॉप काढून सगळा एचटीएमएल-जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषांवर नव्यानं बांधलाय. आमच्याकडं कंपनीत कुणीतरी जावाफ्रेम (फिगरच्या आतल्या जावात शिरायची चोरवाट) वापरून बटणांना नटवलं होतं ते सगळं झोपलं, आता ते लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला आणि निस्तरायला आम्ही. २०१२बी ला मेनू जाऊन टूलस्ट्रिप (वरची बटणांची पट्टी) आली तेव्हापण लोक असेच बोंबलत होते म्हणा, पण तेव्हा निदान कोड तरी मोडत नव्हता. मला विचारशील तर सबमिशन होईस्तोवर जुनं काढू नको, दोन्ही व्हर्जन एकाच मशीनवर आरामात राहतात.

कंदी_पेढा_सातारा:
एवढं पण वाईट नाहीये हो. मी रात्री कोड लिहिते, डोळ्यांना डार्क थीम म्हणजे सुख आहे. कमांड पॅलेट पण बघ, नाव टाईप केलं की ते फीचर समोर, कुठल्या टॅबखाली लपलंय ते शोधत बसायला नको. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे लाईव्ह स्क्रिप्ट (कोड, मजकूर, ग्राफ एकत्र असलेली फाईल) आता साध्या एम फाईलमध्ये सेव्ह करता येते, आधी एमएलएक्स असायची तर गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) कुणी काय बदललं काही कळायचं नाही, ग्रुप प्रोजेक्टात त्यावरनं भांडणं व्हायची आमची.
फक्त रॅम किती आहे तुझी? ८ जीबी असेल तर काठावर आहे, ब्राउझर आणि हे एकत्र उघडू नको. नाहीतर मॅटलॅब ऑनलाईन वापरून बघ, महिन्याला २० तास फुकट आहे आणि दिसायला जवळपास असंच, हात बसेल.

कृष्णाकाठ_सिव्हिल:
@मिरज_जंक्शन बरोबर, सीनियरच्या कोडमध्ये काळाच होता, लाल केल्यावर आली. ४० ची पिवळी होती म्हणून दिसत होती. रॅम ८ च आहे 😐 २०१९ चा डेटा टाकला की पाणी ५७ फुटापर्यंत जातंय, तिथं वायअक्षाचे आकडे पण नीट दिसेनात, त्यांचा पण रंग दिलाय वाटतं कुठंतरी.

मिरज_जंक्शन:
दिलाच असणार. ॲक्सेसचा एक्सकलर, वायकलर शोध आणि त्या ओळीच उडव. आणि थीम लाईट-डार्क दोन्ही करून बघ, व्हायवाला कुणाच्या लॅपटॉपवर दाखवायला लावतील सांगता येत नाही.