अनुभव धागा: आपल्या ठाण्या-उरणच्या अंगणातला स्वातंत्र्यलढा

ऑगस्ट आला की बोलण्यात दांडी येते, जालियनवाला बाग येते, गवालिया टँक येतो. यायलाच हवं. पण ठाणे जेलच्या भिंतीवरून, मुरबाडच्या रस्त्याने आपण वर्षानुवर्षं जातो आणि तिथे कोणी जीव दिला हे घरातल्या मुलांना सांगायचं राहून जातं. तुमच्या घरात, आळीत, गावात जे जपलं गेलंय ते इथे लिहा. ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकलं तेही लिहा.

खारकर आळी

माझं माहेर जेलपासून चालत पाच मिनिटांवर. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. इंग्रजांनी त्याचं तुरुंग केलं. आम्हाला मात्र ती फक्त शाळेच्या वाटेवरची काळी भिंत.

वडील पोस्टात होते. दर १९ एप्रिलला ते त्या भिंतीपाशी सायकलवरून उतरायचे आणि भिंत संपेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे. बोलायचे नाहीत. मी दहावीत असताना विचारलं, तेव्हा कळलं. १९१० साली याच दिवशी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना आत फासावर चढवलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात मारलं होतं; खटला, निकाल, फाशी, सगळं चार महिन्यांच्या आत. कान्हेरे अठरा वर्षांचे. त्या वर्षी माझा दादाही अठराचा होता, आई अजून त्याच्या भातावर तूप वाढायची. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

वडील गेल्यापासून मी जाते. सायकल नाही, पण भिंत संपेपर्यंत चालते.

कळव्याहून

ताईंनी १९१० लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी, २ मे १८४८ रोजी, राघोजी भांगरे यांना याच ठाण्यात फाशी दिलं. आमचं मूळ गाव अकोले तालुक्यात, महादेव कोळ्यांचं. सावकारांनी जमिनी गिळल्या आणि कंपनी सरकार सावकारांच्या मागे उभं राहिलं, म्हणून ते बंड झालं. आजोबा ठाण्याला कधी आले की स्टेशनातून बाहेर पडल्यावर आधी विचारायचे, "जेल कुठल्या अंगाला?" आणि तिकडे तोंड करून हात जोडायचे.

उरणकर

आमची आजी चिरनेरजवळची. २५ सप्टेंबर १९३० ला ती नऊ-दहा वर्षांची असेल. शंभरदा सांगायची, सुरुवात ठरलेली: "आमचे गावान गोली चालली."

सरकारने रान राखीव केलेलं. सरपण तोडायचं नाही, गुरं चारायची नाहीत. आता हे शहरातल्या माणसाला कायद्याचं कलम वाटेल, पण आमच्याकडे चूल रानावर पेटायची. म्हणून माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेली. झाडावर घाव घालून कायदा मोडायचा, बस. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले, आणि खुद्द मामलेदार जोशीही त्या गोळीबारात गेले.

आठांतलं एक नाव आजी वेगळं घ्यायची, नाग्या महादू कातकरी. कातकऱ्याला गावात कोण आपल्या ओट्यावर बसवत होतं त्या काळात? पण रान त्याचंच पहिलं होतं. आजी म्हणायची, तिच्या आईने त्या रात्री चूल पेटवली नाही, सरपण होतं तरी.

दर २५ सप्टेंबरला स्मारकापाशी पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. आजीला एकदा नेलं होतं. पहिल्या फैरीला तिने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडीचा वळ उठला. पण डोळे मिटले नाहीत.

ऐरोली, निवृत्त लाइनमन

मी भाई कोतवालांबद्दल लिहितो. माथेरानचे, नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. ४२ साली भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालायच्या, तिचे टॉवर हे लोक पाडायचे.

माझी अख्खी नोकरी टॉवरवर गेली. पुस्तकात "विजेचे मनोरे पाडले" एवढ्या एका ओळीत संपतं, म्हणून सांगतो. टॉवर चार पायांवर उभा असतो, पाय लोखंडी अँगलचा. हाताच्या करवतीने तो कापायचा म्हणजे पातं तापतं, तुटतं, आणि लोखंडावरचा आवाज रात्री माळावर लांबवर जातो. वर तारांतून वीज गुणगुणत असते. कापता कापता टॉवर कुठल्या बाजूला झुकेल याचा अंदाज चुकला की खालचा माणूस गेला. आम्ही हे काम लाइन बंद करून, परमिट घेऊन, हेल्मेट घालून केलं आणि तरी हात थरथरायचे. ती शेतकऱ्यांची पोरं होती.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले.

बोईसरची लेक, वसंत विहार

पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणून इथे लिहिते. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. मामाचं पालघरात दुकान आहे. १४ तारखेला तो शटर ओढतो आणि चौकात जाऊन उभा राहतो. १५ ला पेढे वाटतो. दोन्ही दिवस त्याला सारखेच महत्त्वाचे.

खारकर आळी

लाइनमन काका, सिद्धगडला पहाटेच्या मानवंदनेला कसं जायचं? मुलीला न्यायचंय, बारावीत आहे.

ऐरोली, निवृत्त लाइनमन

ताई, १ तारखेच्या रात्री मुरबाडमार्गे निघतो आम्ही. थंडी कडाक्याची असते, शाल आणि बॅटरी घ्या. गाडीत दोन जागा तुमच्यासाठी धरल्या.