कोल्हापूरला प्राणिसंग्रहालय हवे, पण त्यात रात्रीचे उत्सव हवेत का?

रंकाळाकाठी (धागालेखिका)

गेल्या आठवड्यात सकाळच्या फिरण्यात आमच्या मंडळींमध्ये एक विषय निघाला आणि तो घरापर्यंत माझ्याबरोबर आला. एका स्नेह्यांचे म्हणणे असे की, पुण्याला कात्रज आहे, मुंबईला राणीची बाग आहे, बेळगावच्या अलीकडे महामार्गालगत भुतरामनहट्टी आहे, आणि राधानगरी-दाजीपूरचे जंगल उशाशी असलेल्या कोल्हापूरला मात्र मुलांना न्यावे असे एकही धड प्राणिसंग्रहालय नाही. तेव्हा ते व्हावे, आणि त्याचा खर्च निघावा म्हणून दिवाळीत दीपोत्सव, नाताळच्या सुट्टीत रात्रीची रोषणाई, उन्हाळ्यात खाऊगल्ली आणि गणेशोत्सवात देखावे असा बारमाही कार्यक्रम ठेवावा.

माझा पहिल्या मागणीला विरोध नाही. दुसरीला मात्र ठाम विरोध आहे आणि त्याचे कारण ऐकीव नाही. काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही एका मोठ्या शहरातील प्राणिसंग्रहालयात अशीच रोषणाई पाहायला गेलो होतो. झाडांना दिव्यांच्या माळा, प्रवेशद्वाराशी गाणी, आणि आत पिंजऱ्यांपर्यंत पोचणारा तो आवाज. चितळांच्या आवारात सगळा कळप मागच्या भिंतीला अंग घासत एका कोपऱ्यात उभा होता. समोर पडलेल्या हिरव्या चाऱ्याला एकाही जनावराने तोंड लावलेले दिसत नव्हते, आणि गाण्याचा ठेका बदलला की सगळे कान एकदम वळत. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नसताना पुन्हा गेले, तेव्हा वाघाच्या रात्रनिवाऱ्यापुढे झाडू मारणारे एक वयस्क कर्मचारी भेटले. आतल्या सिमेंटच्या ओट्यावर आदल्या संध्याकाळचे मांस तसेच पडून होते. ते म्हणाले, ‘‘रात्री दहापर्यंत हे चालतं बाई, मग हा पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालतो. मांस टाकून द्यायचं काम आमच्याकडे.’’

कायदा याबाबत मुका नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मधील कलम 38जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे, खायला घालणे आणि आवाज करून त्रास देणे, या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. प्रेक्षकाने शिटी मारली तर आपण त्याला हटकतो. मग व्यवस्थापनानेच ध्वनिक्षेपक लावले तर त्याला वेगळा न्याय का? आपल्याकडे डॉल्बीच्या भिंती छातीत कशा घुमतात, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. मते यावीत, विरोधी असली तरी.

शाहूपुरीकर

ताई, आपला अनुभव खरा आहे हे मान्य करूनही मला आपला निष्कर्ष पटत नाही. एका ठिकाणी कार्यक्रम वाईट रीतीने केला गेला, यावरून कार्यक्रमच नकोत असे ठरत नाही.

पैशाचा प्रश्न आपण एका ओळीतही घेतलेला नाही. वाघाला रोज मांस लागते, पशुवैद्य लागतो, उन्हाळ्यात पाण्याचे फवारे लागतात, थंडीत निवाऱ्याला ऊब लागते, आणि हे सर्व नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या अंदाजपत्रकात रस्ते आणि गटारांच्या खाली येते. राणीच्या बागेत पेंग्विन आल्यानंतर 2017 मध्ये मोठ्यांचे तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झाले, तेव्हा केवढी ओरड झाली. पण पाच रुपयांत माणसाला चहा मिळत नाही, तिथे गेंड्याचे पोट कसे भरणार? त्याच बागेत हिवाळ्यात महापालिकेचे फुलांचे प्रदर्शन भरते, लोक लोटतात, आणि प्राण्यांच्या आवारात कोणी ढोल वाजवत नाही. हंगामी कार्यक्रम म्हणजे डॉल्बीच, हे समीकरण आपले आहे, माझे नाही.

दुसरे, संवर्धनाचे. प्राणिसंग्रहालये म्हणजे केवळ तमाशा, असा सूर अशा चर्चांत हमखास लागतो, म्हणून आधीच लिहून ठेवतो. अरबी ओरिक्स हे हरीण 1972 च्या सुमारास जंगलातून पूर्ण नाहीसे झाले होते. अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जपलेल्या कळपाच्या वंशजांतून ते 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडले गेले. कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर गिधाड 1987 मध्ये शेवटच्या पक्ष्यापर्यंत पकडून सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवले आणि 1992 पासून पुन्हा मोकळे केले. आपल्याकडेही पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले, कारण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरे खाऊन गिधाडे मरत होती आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी येईपर्यंत फार थोडी उरली होती. पिंजरा नसता तर यांतील दोन जाती आज चित्रांतच असत्या.

आणि तिसरे. कसबा बावड्यातील रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचे पोर दाजीपूरला जीप करून गवा पाहायला जाणार आहे का? पावसाळ्यात तर ते अभयारण्य बंदच असते. त्या पोराने गवा कुठे पाहायचा, मोबाईलवर?

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. उमेदीची वर्षे कागल आणि राधानगरी तालुक्यांतील गोठ्यांत गेली. वन्यप्राण्यांवर उपचार करण्याचे प्रसंग मोजकेच आले, पण ते विसरण्यासारखे नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात एक दुवा सुटला आहे, तो जोडतो.

2025 च्या नोव्हेंबरात भुतरामनहट्टीला काही दिवसांत तीसच्या आसपास काळवीट दगावले. निदान घटसर्पाचे झाले. त्याच वर्षी जुलैत कात्रजला पंधराहून अधिक चितळ मेले, तिथे लाळ्या-खुरकूत निघाला. गावाकडच्या माणसाला ही दोन्ही नावे नवी नाहीत. पावसाळ्याआधी आम्ही म्हशींना घटसर्पाची लस टोचतो ती याच आजारासाठी. या रोगाचा जंतू पुष्कळदा धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या घशात गुपचूप बसून असतो, आणि प्रवास, उपासमार, हवेतील अचानक बदल किंवा भीती यांमुळे जनावराची प्रतिकारशक्ती ढासळली की तो उसळतो. गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि सकाळी चरणारे जनावर संध्याकाळी आडवे झालेले असते. भुतरामनहट्टीत कोणत्या कार्यक्रमामुळे हे घडले, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की ताण ही भावनेची गोष्ट नसून ती रोगाची वाट आहे, आणि हे ज्याला ठाऊक आहे तो चितळांच्या आवाराजवळ फटाका फोडू देणार नाही.

म्हशीला दावे आहे, तिला धरून सुई टोचता येते. चितळाला कोण धरणार? धरायला गेलो तर ते घाबरून कुंपणावर आदळते, मान मोडते; आणि वाचले तरी अतिश्रमाने व भीतीने त्याचे स्नायू आतून नासतात आणि ते दोन-चार दिवसांनी मरते, ज्याला आम्ही कॅप्चर मायोपॅथी म्हणतो. माझ्यासमोर विहिरीतून सुखरूप काढलेले एक भेकर असेच गेले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वर काढले तेव्हा शंभरेक माणसे टाळ्या वाजवत होती आणि त्याचे डोळे पांढरे होत होते. मी लोकांना गप्प बसा म्हणून ओरडलो, तर तोही आवाजच झाला.

शाहूपुरीकर साहेब, कार्यक्रम हवेत तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे पाहावे. तिथे दर जानेवारीत प्राण्यांची शिरगणती होते आणि ऑगस्टमध्ये वजने घेतली जातात, आणि लोक हेच पाहायला येतात. पेंग्विन मोजायचा कसा, ही गंमत आणि शास्त्र दोन्ही आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात अस्वलाला बर्फात गोठवलेली कलिंगडाची फोड देतात. अस्वल ती लादी पोटाशी धरून चाटत, नखांनी खरवडत तासभर रमते. त्या तासाला मुलांना बोलवा. तिकीट लावा, मी स्वतः काढीन.

साठमारी

विषयाला धरूनच थोडे मागे जातो. कोल्हापूरला प्राण्यांचे कार्यक्रम नवे नाहीत. शाहू महाराजांच्या काळात येथे चित्ते पाळले जात, त्यांना शिकवून काळविटाची शिकार करवली जाई, आणि हे काम करणाऱ्या चित्तेवानांची घराणी होती. साठमारीच्या मैदानात हत्तीला डिवचून माणसे दगडी बुरुजांच्या अरुंद दारांत घुसत आणि प्रेक्षक श्वास रोखून पाहत. त्या काळाला त्याच्या मापाने मोजावे, हे मला मान्य आहे. शिवाय ज्या राधानगरीच्या रानात संस्थानची शिकार चाले, तेच रान 1958 मध्ये महाराष्ट्राचे पहिले अभयारण्य झाले, आज ते सुमारे 351 चौरस किलोमीटर आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. चित्ता मात्र 1952 मध्ये देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. साखळीने बांधलेल्या चित्त्यांची वीण आपल्याला जमली नाही.

म्हणून शाहूपुरीकरांच्या ओरिक्सच्या उदाहरणाला माझी एक पुरवणी आहे. ओरिक्स वाचला तो प्रेक्षकांमुळे नाही, वंशावळीच्या नोंदी आणि सोडायला राखलेले रान या दोहोंमुळे. कोल्हापूरच्या नियोजित बागेत वाघ-सिंह आणून ठेवल्याने कोणाचे संवर्धन होणार आहे?

शिरोळकर

मी फार लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. 2025 च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने नांदणी मठाची माधुरी हत्तीण जामनगरला गेली, तेव्हा हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आले, त्यांत मीही होतो. लोकांचे डोळे कोरडे नव्हते. प्राण्याचा लळा म्हणजे काय, हे आम्हाला कायद्याच्या कलमांतून शिकवू नये. सणाला हत्ती दारात आला की घरातील म्हातारी माणसे उठून बसत. प्राणी आणि उत्सव यांची ताटातूट करून काय उरणार?

रंकाळाकाठी (धागालेखिका)

शिरोळकर दादा, आपल्या लळ्याविषयी मला शंका नाही आणि त्या दिवसांत माझ्याही घरी चूल वेळेवर पेटली नव्हती. परंतु त्याच प्रकरणात न्यायालयापुढे तिच्या पायांच्या व्याधींचा मुद्दा होता, हेही आपण नाकारणार नाही. आपल्याला ती हवी होती. तिला डांबरी रस्ता हवा होता का, हा प्रश्न मी स्वतःलाही फार उशिरा विचारला.

शाहूपुरीकर, पैशाचा मुद्दा मी टाळला ही चूक कबूल. पण फुलांच्या प्रदर्शनाचे जे उदाहरण आपण दिले, तेच माझ्या बाजूचे आहे: ते दिवसा भरते आणि बागेपुरते राहते. माझा आक्षेप रात्रीला आहे. संध्याकाळी वाघाला आत घेऊन सरकते दार लावले की त्याचा दिवस संपतो, आणि सायाळ, रानमांजर यांचा सुरू होतो. माणसाची रोषणाई दोघांच्याही मध्ये येते. केंद्राच्या नियमांनुसार आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांना बंद ठेवावे लागते, म्हणून कात्रजला बुधवारी गेलेला माणूस कुलूप पाहून परत येतो. सुट्टी एका दिवसाची आणि उत्सव मात्र पंधरा रात्रींचा, हा हिशेब मला लागत नाही.

शाहूपुरीकर

रात्रीचा मुद्दा सोडतो. डॉक्टरसाहेबांनी भेकराची गोष्ट लिहिली, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण साठमारी यांच्या प्रश्नाला आहे. वाघ-सिंह नकोतच. गवा, भेकर, शेकरू, उदमांजर, खवल्या मांजर, असे आपल्याच घाटातील प्राणी ठेवा. गाव-शिवारात जखमी सापडणारे, परत सोडता न येणारे प्राणी दरवर्षी असतातच.

गोठ्यातला डॉक्टर

खवल्या मांजर नको. ते मुंग्या-वाळवीवर जगते, पिंजऱ्यात अन्न सोडते आणि बहुतेक वेळा मरते. आणि बचाव केंद्रात आणलेले प्राणी प्रेक्षकांना दाखवायचे नसतात, त्यामुळे ते आणि तिकिटाची बाग यांची सरमिसळ करता येणार नाही.

बाकी आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. 2021 च्या डिसेंबरात गवा शहरात शिरला, 2025 च्या नोव्हेंबरात बिबट्या थेट नागाळा पार्कात आला, आणि दोन्ही वेळा गच्चीगच्चीवर मोबाईल उंचावलेले लोक होते. गवा बुजतो म्हणजे काय करतो, शेपटी आणि मान कशी धरतो, त्याच्यापासून किती अंतरावर थांबावे, हे त्या लोकांनी कधी पाहिलेले नव्हते. एखाद्या नीट बांधलेल्या आवारासमोर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील वन्यजीव सप्ताहात, शाळेच्या पोरांना हे दाखवता आले तर मी सुट्टी काढून समजावून सांगायला येईन. मात्र त्याआधी आसपासच्या गावांतील गुरांचे लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाचे लसीकरण शंभर टक्के करा. रानातला गवा आणि वाडीवरची म्हैस एकाच ओढ्यावर पाणी पितात.

शिरोळकर

ताई, रस्त्याचा प्रश्न मनाला लागला. उत्तर आज देत नाही.

रंकाळाकाठी (धागालेखिका)

नका देऊ, घाई नाही.

डॉक्टर, सकाळच्या मंडळींना आपला अस्वलाच्या बर्फाचा कार्यक्रम वाचून दाखवला. ज्यांनी दीपोत्सवाची सूचना केली होती, त्या स्नेह्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कलिंगड बियांसकट द्यायचं का?’’ तेवढे कळवावे.