मदत हवी आहे: गावच्या मोडी कागदांवरचा लेख कुठे पाठवावा, आणि छापण्याआधी तो तपासणार कोण?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात नीरेकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. चार वर्षांपूर्वी गावातला कुलकर्ण्यांचा वाडा उतरवायला घेतला, तेव्हा माळ्यावर लाल कापडात बांधलेला एक रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, निघाला. घरातल्या आजींनी तो रद्दीत न घालता मला बोलावून दाखवला. आत ६३ कागद, बहुतेक सगळे मोडीत. कागद आजींच्याच घरी आहेत, माझ्याकडे फक्त फोटो. ते वाचता यावेत म्हणून मी सुट्टीत मोडीचा वर्ग केला आणि गेली अडीच वर्षं रात्री जेवणं उरकली की एकेक ओळ लावत बसते.

यातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे एक महजर, म्हणजे गोतसभेनं (गावच्या पंचांनी) साक्षीदारांसह दिलेला लेखी निवाडा. पाटीलकीच्या वडीलपणावरून दोन भाऊबंद घराण्यांत तंटा झाला आणि गोतानं बसून निवाडा दिला. तळाशी साक्षीदारांची नावं आणि निशाण्या आहेत. पाटलापुढे नांगर, सुतारापुढे किंकरं, न्हाव्यापुढे आरसा. आरसा म्हणजे नुसता गोल आणि खाली छोटी दांडी, पण काढणाऱ्याचा हात थरथरलेला दिसतो, गोलाची दोन टोकं जुळलेली नाहीत. वर्गात मुलांना हा फोटो दाखवला तेव्हा पोरं एकदम गप्प झाली. त्यातल्या तिघाचौघांची आडनावं त्याच यादीत होती.

यावर मी २२ पानांचा लेख लिहिला, शेवटी महजराचं शब्दशः लिप्यंतर जोडलं. शनिवारी एका नियतकालिकाला मेल केला. सोमवारी उत्तर आलं, 'लेख स्वीकारला आहे, शुल्क भरा, पुढच्या अंकात येईल.' आधी आनंद झाला. मग त्याच रात्री मी कालगणनेचा शब्द पुन्हा मोठा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. 'इहिदे ---ैन मया व अलफ.' म्हणजे एक, मग दशकाचा शब्द, मग शंभर आणि हजार. नेमकी त्या दशकाच्या शब्दावरून घडी गेली आहे, पहिली अक्षरं झिजली आहेत. मी तो 'तिसैन' (नव्वद) वाचला होता, म्हणजे सुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहायची जुनी कालगणना) ११९१, म्हणजे १७९०-९१. मजकुरात 'माधवराव पंडित प्रधान' आहेत, म्हणून सवाई माधवरावांचा काळ धरला आणि नाना फडणीसांच्या वेळच्या गावगाड्यावर तीन पानं लिहिली. पण तो शब्द 'सबैन' (सत्तर) असला तर? मला हे कुणी विचारलंच नाही. लेख कुणी वाचला असता तर पहिला प्रश्न हाच आला असता. मी पैसे भरले नाहीत, लेख मागे घेतला.

एका प्रकाशकांशीही बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, लिप्यंतर काढून टाका, ते कोण वाचतंय, गावाचा गौरवशाली इतिहास एवढंच ठेवा. मला ते जमणार नाही. मूळ मजकूर छापला नाही, तर माझी चूक कुणाला सापडणार तरी कशी?

तिसरी अडचण घरचीच म्हणा. महजरात जे घराणं हरलं त्यांचे वंशज गावातच आहेत. त्यांच्यातले एक आजोबा शाळेत येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही चांगलं काम करताय. आमच्या वाड्याचं नाव तेवढं गाळा." त्यांना मी काय सांगू?

अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

बाई, आधी कालगणनेचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. 'ैन'वर संपणारे दशक बरेच आहेत, पण 'माधवराव' धरले की सबैन आणि तिसैन हे दोनच उरतात. इहिदे सितैन (एकसष्ट) म्हणजे १७६०-६१, तेव्हा नानासाहेब पेशवे होते. समानीनचा (ऐंशी) शेवट वेगळा. सबैन असेल तर सुहूर ११७१, म्हणजे १७७०-७१, थोरले माधवराव. पेशव्याचं नाव दोन्हीकडे माधवरावच, त्यामुळे त्यावरून निकाल लागणार नाही.

पण छत्रपती वेगळे आहेत. १७७० ला रामराजे, १७९० ला दुसरे शाहू. शिक्क्यात किंवा मजकुरात नाव आलंय का पाहा. दुसरं, महजराच्या सुरुवातीला शक आणि संवत्सर बहुतेक असतंच. शके १६९२ ला विकृती संवत्सर, शके १७१२ ला साधारण. अर्धं अक्षर जरी दिसलं तरी पुरे. तिसरं, चंद्रतारीख आणि महिना काय आहे?

धागालेखिका

'छ २५ जमादिलावल' (मुसलमानी महिन्याची २५ वी चंद्रतारीख) स्पष्ट आहे. छत्रपतींचं नाव कुठेच नाही, 'राजश्री स्वामी' एवढंच. पहिल्या ओळीवर तेलाचा मोठा डाग आहे, मी ती ओळ सोडून दिली होती.

प्रतिसाद १

मग पंचांग मांडून पाहा. १७७० धरलं तर ही तारीख सप्टेंबरच्या मध्यात पडते, भाद्रपदात. १७९०-९१ धरलं तर जानेवारीच्या शेवटी. मजकुरात पिकाचा उल्लेख असेल तर तोही साक्षीदारच आहे. आणि डागाची ओळ सोडू नका. मूळ कागदावर टॉर्च आडवा धरून बघा, समोरून उजेड टाकला की शाई दिसत नाही.

प्रतिसाद २

कुठे पाठवायचं त्याबद्दल. दोन दिवसांत स्वीकृती आणि लगोलग शुल्क, असं दिसलं की लांब राहावं, तुम्ही योग्य केलंत. पूर्वी लोक यूजीसी-केअर यादी (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) बघायचे, पण ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे मुखपृष्ठावर 'केअर लिस्टेड' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. तुम्हाला बढतीसाठी गुण नको आहेत, तर जिथे मोडी वाचणारी माणसं बसतात तिथेच जावं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ते काढलंच मुळी घराघरांतले असे रुमाल वाचवण्यासाठी. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. विदर्भातला कागद असता तर नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ सुचवलं असतं. आधी लेख नको, महजराचं लिप्यंतर आणि फोटो घेऊन स्वतः जा. समोर बसून ओळ ओळ वाचून घेतलीत की पुढचं सोपं जाईल.

आणि लिप्यंतर अजिबात काढू नका. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा आहे. त्यातले त्यांचे काही निष्कर्ष नंतरच्यांनी खोडले, पण पत्रं छापलेली होती म्हणूनच खोडता आले.

पुढे सगळ्या ६३ कागदांचं पुस्तक स्वतः काढायची वेळ आली, तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणं १९५४ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. गावोगावच्या पुस्तिकांचे लेखक हे करत नाहीत आणि वीस वर्षांत पुस्तिका कुठेच सापडत नाही.

प्रतिसाद ३

नावाबद्दल मला बोलायचं आहे, कारण आमच्या गावी असंच झालं होतं. नाव गाळलं की कागद खोटा होतो. मात्र आजोबांना नुसतं 'नाही' म्हणू नका. त्यांच्या घरी जा, अख्खा महजर त्यांना वाचून दाखवा. हरलेल्या बाजूचं म्हणणंही महजरात सविस्तर लिहिलेलं असतं, ते त्यांनी कधी ऐकलेलं नसणार. शिवाय लेखात 'आजचे अमुक' असा संबंध तुम्ही स्वतः जोडू नका. १८ व्या शतकातली माणसं १८ व्या शतकातच राहू द्या.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजींकडे गेले. खिडक्या लावून घेतल्या, आजींनी कागद धरला आणि मी टॉर्च आडवा केला. डागाखाली 'वि' दिसला, पुढे थोडी जागा, मग 'ती'. आजी म्हणाल्या, "मधल्या अक्षराच्या पायाला काहीतरी वळलंय गं." ऋकाराची शेपटी होती ती. विकृती. म्हणजे १७७०. मजकुरात 'बाजरी उभी असतां' असं आहे, मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. भाद्रपदात बाजरी उभी असणारच.

तीन पानं काढून टाकली. आजोबांकडेही जाऊन आले. पूर्ण ऐकलं त्यांनी, आणि आपल्या बाजूचा करीना (लेखी हकिकत) दुसऱ्यांदा वाचायला लावला. नावाचं अजून काही बोलले नाहीत, पुढच्या रविवारी थोरल्या मुलाला घेऊन या म्हणाले आहेत. त्यांचं बोलणं होईपर्यंत लेख कुठेही पाठवणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचं ठरवलंय. तिथे नेण्याआधी इथल्या कुणी जाणकारानं लिप्यंतराच्या ११ ते १९ ओळी फोटोशी ताडून दिल्या तर फार उपकार होतील. त्यातले दोन फारसी शब्द मला अजून लागलेले नाहीत.