मदत हवी आहे : सीआरपी ८६ वरून ७.९ वर, तरी बाबांना धाप का?

आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेही. इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह आले, एक्सरेत दोन्ही फुप्फुसांत खाली डाग. सध्या ॲडमिट आहेत. नळीने दोन लिटर ऑक्सिजन चालू, त्यावर सॅच्युरेशन ९४-९५.

सोमवारी घराजवळच्या लॅबमध्ये सीआरपी (शरीरातला दाह किती ते दाखवणारी रक्ततपासणी) ८६ होता. गुरुवारी हॉस्पिटलच्या लॅबचा आला ७.९! ऐरोलीच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे फोटोही टाकले. दादा म्हणतो शनिवारी घरी आणू. पण बाबा बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी धापा टाकतात. रक्ताच्या बाकी रिपोर्टात एलडीएच ४१०, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ११ टक्के, प्रोकॅल्सिटोनिन ०.०८. डॉक्टर राउंडला 'ठीक चाललंय' म्हणून पुढे जातात. २०२१ मध्ये कोविडच्या वेळी आमच्या सोसायटीत लोक फुप्फुसांचा सीटी स्कोअर २५ पैकी किती ते दहावीच्या मार्कांसारखं सांगायचे, तसंच आता माझं झालंय. यातला नेमका कुठला आकडा धरायचा?

प्रतिसाद १
ताई, मी वाशीला लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. आधी दोन्ही रिपोर्टांवर आकड्याशेजारचं एकक वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाला. दुसरं असेल तर ७.९ म्हणजे प्रति लिटर ७९. रोज कुणीतरी यात फसतं.

सीआरपी यकृतात बनतो. दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्मा होतो. तीन दिवसांनी ७९ असेल तर तो अजून बनतोच आहे. एलडीएच पेशींना इजा झाली की वाढतो, पण नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तरीही वाढतो, एवढं लक्षात ठेवा. लिम्फोसाइट कमी होणं अशा आजारात नेहमीचं. प्रोकॅल्सिटोनिन बॅक्टेरियाच्या संसर्गात वाढतं; इथे ते कमी आहे, म्हणजे फ्लूच्या जोडीला बॅक्टेरियाही असल्याची शक्यता कमी. अगदीच नाही असं मात्र नव्हे.

प्रतिसाद २
घरी न्यायचं ते सीआरपीवर ठरवू नका. ऑक्सिजन काढून सॅच्युरेशन किती राहतं, चालल्यावर किती उतरतं आणि मिनिटाला श्वास किती, हे तीन प्रश्न कागदावर लिहून राउंडला विचारा. नळी मात्र स्वतः काढून बघू नका.

धागाकर्ती
पाहिलं. पहिल्यावर प्रति लिटर आहे. दुसऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरात प्रति डेसिलिटर. दादाला आत्ताच फोन लावते. काकांचे पेढे नंतर बघू.