मुलाच्या अंगावरचे वळ आधी सिस्टरला दिसतात, मग कळवायचं कोणी?

रानजाई: डॉक्टर राउंड घेऊन जातात. मुलाचे कपडे बदलणं, अंग पुसणं सिस्टरच करते. अजून कुशीवरही न वळणाऱ्या तान्ह्याच्या कानामागे काळानिळा डाग, विडीचा गोल चटका, अंगाला हात लावताच आक्रसणारी मुलगी, आई एक सांगते आणि आजी दुसरंच: हे सगळं आधी तिला दिसतं. बहुतेक जणी डॉक्टरांना सांगून मोकळ्या होतात. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सोचं (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कोणत्याही व्यक्तीवर टाकतं, फक्त डॉक्टरवर नाही. सिस्टरने स्वतः कळवावं, परवानगी मागत बसू नये.

कृष्णाकाठ: अजिबात पटलं नाही. कंत्राटी सिस्टर, रात्रपाळीला एकटी, दाराशी नातेवाइकांचा घोळका. उद्या तिला कामावरून काढलं तर कोण उभं राहणार? आणि आपल्याकडे कितीतरी बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात, ते माराचेच वाटतात. शिवाय नुसत्या मारहाणीला बाल न्याय कायद्याचं कलम ७५ असलं तरी पोक्सोसारखी कळवण्याची सक्ती तिथे नाही.

रानजाई: जन्माचा डाग महिनोन्‌महिने तसाच राहतो, माराचा काही दिवसांत रंग बदलतो. म्हणून तर दाखल करतानाच जागा, माप, रंग लिहायचा. सद्‌हेतूने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण आठवा. कळवलं नाही म्हणून डॉक्टरवर नोंदवलेला गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. गप्प बसणंही सुरक्षित नाही.

माळरान: सतरा वर्षांची, स्वतःच्या मर्जीने संबंध ठेवलेली मुलगी गर्भपातासाठी आली तर? पोलिसांच्या धाकाने ती भोंदूकडे जाईल. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही. अशा वेळी सिस्टरने परस्पर फोन केला तर त्या मुलीचं नुकसानच.

रानजाई: हे मान्य. तिथे आधी डॉक्टरांशी बोलावंच. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही.

कृष्णाकाठ: मग आधी रुग्णालयाने लेखी द्यावं, की १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकाला कुणी फोन केला हे नातेवाइकांना कळणार नाही. त्याशिवाय माझ्या बहिणीला, तीही सिस्टरच आहे, मी हा सल्ला देणार नाही.