सिनेसमीक्षा ते कुटुंबकथा : वाचनगटासाठी चार पुस्तकं सुचवा

पानखूण : दहा जणांचा गट, महिन्याला एक पुस्तक, चार महिने. निम्म्यांना सिनेमावरचं हवंय, पण गोष्ट सांगून तारे वाटणारं परीक्षण नको. उरलेल्यांना घरातल्या माणसांबद्दलचं, अलीकडचं हवंय. मराठीतच, आणि ठोकळा नको. काय घ्यावं, कुठल्या क्रमानं?

रीळबदल : सिनेमासाठी अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका'. १९८५चा सिनेमाविषयक पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला आहे. भर 'प्यासा', 'कागज़ के फूल' आणि 'साहिब बीबी और ग़ुलाम'वर. सिनेमे न पाहता वाचलंत तर दहाव्या पानावर कंटाळाल, कारण खोपकर बोलतात ते प्रकाशाबद्दल, चौकटीबद्दल.

आणि सिनेमाची प्रत नीट बघून घ्या. 'कागज़ के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. चित्राची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त, म्हणजे आजच्या टीव्हीवर वर-खाली काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. पडदा भरून चित्र आलं तर कडा कापल्यात नाहीतर चित्र ताणलंय. 'वक़्त ने किया' गाण्यात रिकामा स्टुडिओ, दोघं एकमेकांपासून लांब, आणि मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन वळवून पाडलेला झोत. कडा गेल्या की ते अंतरच गेलं! 'प्यासा'चं उलट, तिथे पट्टे डाव्या-उजव्या बाजूला येतात. टीव्हीचं 'झूम' चालू राहिलं तर माणसांची डोकी उडतात.

ओसरी : खोपकरांच्या या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद शांता गोखल्यांचा. त्यांचीच 'रीटा वेलिणकर' घ्या. घर एकटीनं ओढणारी थोरली मुलगी कोसळते, तिथून कादंबरी मागे-पुढे फिरते. पहिल्या पन्नास पानांत कोण कुणाचं कोण ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बैठकीत अर्धा तास त्यातच जातो. त्यावरचा रेणुका शहाणेंचा सिनेमा 'रिटा' (२००९) पुस्तक संपल्यावरच लावा.

दुसरं, सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' (२००६). पातळ पुस्तक. भाऊ तनय आणि बहीण अनुजा एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात, आधी त्याचं निवेदन, मग तिचं. दुसरा भाग म्हणजे तेच पुन्हा असं समजून लोक पळवतात, आणि तिथेच फसतात. पाच जणांनी तनयला दिसलेला भाडेकरू टिपावा, पाच जणांनी अनुजाला दिसलेला. याद्या शेजारी ठेवल्या की चर्चा आपोआप पेटते. कुंडलकरांनीच त्यावर चित्रपट केलाय, पण त्यात घर केरळात नेलंय. तुलनेत अडकू नका.

तुळई : अलीकडचं हवं हे मान्य, पण कुटुंब म्हणताय आणि 'वाडा चिरेबंदी' नाही? एलकुंचवारांचं नाटक आहे, म्हणून मोठ्यानं वाचा. देशपांड्यांच्या घरातलं बोलणं वऱ्हाडी, मुंबईहून आलेल्या अंजलीचं वेगळं. सगळं पुणेरी सुरात वाचलं तर त्या घरातली दरी ऐकूच येत नाही. वऱ्हाडी येणारं कुणी असेल तर भास्करची भूमिका त्याला द्या. रंगसूचना वाचायला एक माणूस वेगळा ठेवा, अंगणातला ट्रॅक्टर तिथेच आहे. दादी सारखी वेळ विचारते. वाचणाऱ्यानं तिथे हशा घेतला की नाटक पडलंच!

पानखूण : चारही घेतो. पण एका महिन्यात तीन सिनेमे आणि वर खोपकर, हे जमणार नाही.

रीळबदल : खोपकर चौथ्या महिन्यात ठेवा. पहिल्या महिन्यात 'वाडा' आणि 'प्यासा', दुसऱ्यात 'कोबाल्ट ब्लू' आणि 'कागज़ के फूल', तिसऱ्यात 'रीटा' आणि 'साहिब बीबी'. प्रत्येक सिनेमानंतर लक्षात राहिलेली एकच चौकट चार ओळींत लिहून ठेवायला सांगा. खोपकरांचं पुस्तक मात्र आजच शोधायला लागा. दुकानात नसलं तर जुन्या ग्रंथालयात विचारा, एका प्रतीवर दहा जण वाचायचे तर दोन महिने सहज जातात.